नवे फुटबॉल स्टेडियम: धावपट्टी ठेवावी का, आणि आराखडा कोठून तपासायला सुरुवात करावी?

प्रश्न: आराखडा_वाचक

नमस्कार. एका फुटबॉल संस्थेच्या बांधकाम समितीवर माझी नेमणूक झाली आहे आणि सुमारे २५,००० प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमसाठी आमच्यापुढे दोन आराखडे आले आहेत. मी व्यवसायाने हिशेबनीस आहे. नकाशा वाचता येतो, पण त्यात काय दाखवलेले नाही ते मला ओळखता येत नाही.

पहिल्या आराखड्यात मैदानाभोवती आठ पट्ट्यांची ४०० मीटरची धावपट्टी आहे, संपूर्ण प्रेक्षागारावर छत आहे आणि साऱ्या इमारतीला बाहेरून वळणदार जाळीचे आवरण आहे. दुसरा आराखडा केवळ फुटबॉलसाठी आहे. त्यात चारही स्टँड मैदानाला बिलगलेले आहेत, काँक्रीट उघडे दिसते, छत सध्या दोनच बाजूंना आहे आणि उरलेले पुढच्या टप्प्यावर सोडले आहे. समितीतल्या बहुतेकांना पहिला आराखडा पसंत आहे, आणि चित्र खरोखरच देखणे आहे. मात्र सादरीकरण चालू असताना मैदानाकडे कोणी पाहिलेच नाही, सगळ्यांची नजर त्या जाळीवर होती, हे मला जरा खटकले.

धावपट्टी ठेवली तर नेमके काय बिघडते? पूर्ण छतामुळे गवत मरते असे एका सदस्याचे म्हणणे आहे, त्यात तथ्य किती? आणि मुखपृष्ठावरच्या चित्राखेरीज आम्ही आराखड्यात काय काय मागून घ्यावे?

उत्तर: दृष्टिरेषा

आपल्याला जे खटकले ते योग्यच खटकले. स्टेडियम आतून बाहेर काढत न्यायचे असते: आधी मैदान, मग मैदानाकडे पाहणारा डोळा, मग त्या डोळ्याखालची पायरी, पायरीखालची कलती तुळई आणि सर्वांत शेवटी बाहेरची भिंत. ज्या आराखड्यात हा क्रम उलटा झालेला असतो तो चित्रात ओळखता येत नाही. छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आत काय दिसेल तो नकाशा, मागितला की लगेच कळतो. म्हणून दोन्ही वास्तुविशारदांकडून गोलपोस्टमागच्या आणि लांब बाजूच्या स्टँडचे उभे छेद मागवा आणि ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.

धावपट्टीचे गणित सोपे आहे आणि ते आपल्याला स्वतः करता येईल. मैदान १०५ बाय ६८ मीटर. प्रमाणित ४०० मीटर धावपट्टीची सरळ बाजू ८४.३९ मीटर, आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर आणि प्रत्येक पट्टी १.२२ मीटर रुंद. आठ पट्ट्या धरल्या तर धावपट्टीची बाहेरची लांबी सुमारे १७७ मीटर आणि रुंदी साडेब्याण्णव मीटर भरते. याचा अर्थ असा की लांब बाजूला टचलाईनपासून (मैदानाच्या लांब कडेच्या रेषेपासून) धावपट्टीची बाहेरची कड १२ मीटरवर येते, जे सोसण्यासारखे आहे. परंतु गोलरेषेमागे तीच कड ३६ मीटरवर जाते, आणि पहिली खुर्ची त्याच्याही मागे. मैदान धावपट्टीच्या आत बसते खरे, पण अगदी दाटीवाटीने: कॉर्नरच्या निशाणापासून धावपट्टीची आतली कड जेमतेम एक मीटरवर राहते, म्हणजे कॉर्नरजवळ घसरणारा खेळाडू थेट रबरी पृष्ठभागावर जाणार.

आता अंतर पाहा. सर्वांत दूरच्या प्रेक्षकापासून मैदानाच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर शक्यतो १५० मीटरच्या आत असावे आणि १९० मीटरच्या पलीकडे मुळीच जाऊ नये, असा फुटबॉल स्टेडियमचा संकेत आहे, कारण २२ सेंटिमीटर व्यासाचा चेंडू त्यापुढे नीट दिसत नाही. गोलमागे ८० सेंटिमीटर खोलीच्या ३० रांगा धरा. धावपट्टी नसेल आणि पहिली रांग गोलरेषेपासून १० मीटरवर असेल, तर शेवटच्या रांगेतल्या माणसापासून समोरचा कोपरा सुमारे १४३ मीटरवर पडतो. धावपट्टी असेल तर तोच आकडा १७१ च्या आसपास जातो. म्हणजे मर्यादा मोडली नाही, पण चांगल्या आणि चालवून घेण्याजोग्या स्टेडियममधला फरक तेवढ्यातच संपला.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. पुढच्या माणसाच्या डोळ्यावरून मागच्याची दृष्टिरेषा किती उंचीवरून जाते, त्या उभ्या अंतराला सी-मूल्य म्हणतात. ६० मिलिमीटर ही किमान पातळी, ९० चांगली आणि १२० उत्तम मानली जाते. समजा, पुढच्या प्रेक्षकाचा डोळा टचलाईनपासून २० मीटर दूर आणि मैदानापासून ६ मीटर उंच आहे आणि रांगेची खोली ८० सेंटिमीटर आहे. मागची पायरी ३० सेंटिमीटरने चढवली तर सी-मूल्य ५८ मिलिमीटर येते, ३३ सेंटिमीटरने चढवली तर ८७ आणि ४० सेंटिमीटरने चढवली तर १५४. तीन सेंटिमीटरच्या काँक्रीटने एवढा फरक पडतो.

आता हेच गणित धावपट्टीमागच्या स्टँडला लावा. डोळा गोलरेषेपासून ४५ मीटर दूर आणि ३ मीटर उंच असेल, तर केवळ १५ सेंटिमीटरच्या पायरीवरही सी-मूल्य ९५ मिलिमीटर येते! कागदावर स्टँड उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतो, आणि प्रत्यक्षात तो इतका चपटा असतो की प्रेक्षकाला मैदान ताटासारखे न दिसता ताटाच्या कडेसारखे दिसते. म्हणून नुसते सी-मूल्य विचारू नका. त्याच्यासोबत अंतर आणि स्टँडचा चढ हेही विचारा. चढाची वरची मर्यादा साधारण ३४ अंश धरतात. लंडनमध्ये टॉटनहॅम क्लबच्या २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्टेडियमचा दक्षिणेकडचा १७,५०० खुर्च्यांचा सलग स्टँड याच मर्यादेला टेकलेला आहे, आणि गोलमागची माणसे मैदानावर ओणवल्यासारखी दिसतात ती त्यामुळेच.

उत्तर: पहाटेचा_धावपटू

वरील गणिताशी माझा वाद नाही, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला एकतर्फी वाटतो. एका संघाच्या स्टेडियममध्ये वर्षाकाठी मोठे सामने किती होतात? पंचवीस, फार तर तीस. उरलेले तीनशेहून अधिक दिवस ती वास्तू कुलूपबंद असते. धावपट्टी मात्र रोज पहाटे वापरात असते आणि तिच्यावर धावणाऱ्या मुलांना तिकीट काढावे लागत नाही. गोलमागच्या प्रेक्षकाला चेंडू थोडा लांबून दिसतो म्हणून एवढी जागा केवळ एका खेळाच्या स्वाधीन करावी, हे सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने कितपत योग्य आहे? पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्स या स्टेडियममध्ये १९९८ पासून खालचा सुमारे २५,००० खुर्च्यांचा मजला १५ मीटर मागे सरकवून धावपट्टी मोकळी करता येते. दोन्ही खेळ एका छताखाली नांदू शकतात, एवढेच मला सांगायचे आहे.

उत्तर: दृष्टिरेषा

आपला मुद्दा रास्त आहे. धावपट्टी हवीच, फक्त ती ह्या वाडग्यात हवी का, हा प्रश्न आहे. सरकणारा मजला ८०,००० क्षमतेच्या राष्ट्रीय स्टेडियमला परवडतो. २५,००० च्या स्टेडियममध्ये ती यंत्रणा कोण सांभाळणार?

तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. तुरीनमध्ये १९९० च्या विश्वचषकासाठी धावपट्टीसह बांधलेले देल्ले आल्पी हे स्टेडियम युव्हेंटस क्लबने पुढे पाडले आणि त्याच जागी २०११ मध्ये जवळपास ४१,००० क्षमतेचे, म्हणजे बरेच लहान, पण मैदानाला चिकटलेले स्टेडियम उभारले. लंडनचे ऑलिंपिक स्टेडियम २०१२ नंतर फुटबॉलसाठी बदलताना छत आणि खुर्च्यांची पुनर्रचना करावी लागली, त्यावर ३२ कोटी पौंडांहून अधिक खर्च झाला, आणि तरीही खुर्च्या मैदानापासून दूरच राहिल्याची प्रेक्षकांची तक्रार आहे. उलट मँचेस्टरमध्ये २००२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा आटोपताच धावपट्टी उखडली, मैदान काही मीटर खोल खणले आणि मोकळ्या झालेल्या जागेत खुर्च्यांचा आणखी एक खालचा मजला बसवला. २००३ मध्ये तिथे फुटबॉल सुरू झाले. हे सुरळीत पार पडले याचे कारण ते पहिल्या दिवसापासून आराखड्यात होते. धावपटूंसाठी तिथे शेजारीच लहान स्टेडियम आहे. आपल्या समितीकडे जागा असेल तर मी हाच मार्ग सुचवीन, आणि पहाटे धावणाऱ्यांनाही रिकाम्या २५,००० खुर्च्यांपेक्षा उघडी, स्वतंत्र धावपट्टी अधिक उपयोगी पडेल असे मला वाटते.

उत्तर: हिरवळ_राखण

गवताच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण गेली अनेक वर्षे मी हेच काम करतो आहे. आपल्या समितीतील सदस्यांचे म्हणणे खरे आहे, पण अर्धे. छतामुळे गवत मरत नाही. सावली आणि कोंडलेली हवा यांच्यामुळे मरते, आणि छत कसे घातले आहे त्यावर हे दोन्ही अवलंबून असते.

मी ज्या मैदानावर काम केले तिथे एका गोलसमोरचा पट्टा हिवाळ्यात सतत सावलीत असे. महिन्यातून एकदा मी चाकूने तिथल्या गवताची चौकोनी ढेप काढून पाहत असे. मैदानाच्या मध्यभागी काढलेल्या ढेपेची मुळे पांढरी, दाट आणि वीतभर खोल असत. सावलीतल्या ढेपेची मुळे बोटाच्या दोन पेरांएवढीच, तपकिरी, आणि खालच्या वाळूला कुजट वास. वरून दोन्ही ठिकाणचे गवत सारखेच हिरवे दिसे. सामन्यात मात्र पहिल्याच जोरदार टॅकलला सावलीतले गवत चटईसारखे गुंडाळून वर येई, आणि दोष अर्थातच माझ्या माथी येई.

मिलानच्या सान सिरो स्टेडियमला १९९० च्या विश्वचषकासाठी तिसरा मजला आणि छत चढवल्यावर तिथले गवत वर्षानुवर्षे टिकेना. ॲम्स्टरडॅमचे १९९६ मध्ये सुरू झालेले उघडझाप छताचे स्टेडियमही सुरुवातीच्या काळात वारंवार हिरवळ बदलण्यासाठी गाजले. तेव्हापासून उपाय बरेच पुढे गेले आहेत. वाळूच्या थरात सुमारे २० सेंटिमीटर खोलवर कृत्रिम धागे शिवतात. हे धागे एकूण हिरवळीच्या जेमतेम ५ टक्के असतात आणि मुळे त्यांना धरून राहतात. चाकांच्या सांगाड्यावर बसवलेले दिवे रात्रंदिवस मैदानावर फिरवतात. गेल्झेनकिर्खेनमध्ये तर २००१ पासून सुमारे ११,००० टन वजनाचे अख्खे मैदानच सरकवून उन्हात बाहेर नेतात. पण शिवलेला धागा उन्हाची जागा घेत नाही, आणि दिव्यांचे वीजबिल दर महिन्याला येते.

म्हणून आराखडाकारांकडून एकच गोष्ट मागा: वर्षातल्या प्रत्येक महिन्याला मैदानाच्या कोणत्या भागावर किती तास थेट ऊन पडते, याचा नकाशा. मैदानाचा लांब अक्ष साधारण उत्तर-दक्षिण असावा, नाहीतर सायंकाळच्या सामन्यात एका गोलरक्षकाच्या डोळ्यांत सूर्य येतो. मुख्य स्टँड आणि कॅमेरे पश्चिमेला ठेवतात तेही याचसाठी. उत्तर गोलार्धात असाल तर दक्षिणेकडच्या छताचा मैदानालगतचा पट्टा पारदर्शक असावा. स्टँडमधले चार कोपरे शक्य तितके उघडे ठेवा म्हणजे खालून वारा खेळेल. दुसऱ्या आराखड्यात कोपरे उघडे असतील, तर ते पैसे नाहीत म्हणून राहिलेले व्यंग आहे असे समजू नका. मला तो गुण वाटतो.

उत्तर: कठडा_आणि_जिना

जिने मोजा. आकर्षक आवरणाच्या आराखड्यांत बहुतेकदा तेच आखडलेले असतात.

इंग्लंडमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत दर मीटर रुंदीला मिनिटाला सपाट मार्गावरून ८२ आणि जिन्यावरून ६६ माणसे, असा दर धरतात, आणि सामना संपल्यावर प्रेक्षागार रिकामे होण्यासाठी जास्तीत जास्त ८ मिनिटे. म्हणजे एक मीटर रुंदीचा जिना ८ मिनिटांत ५२८ माणसे उतरवतो. सगळे २५,००० प्रेक्षक जिन्यानेच उतरणार असतील तर एकूण ४७ मीटरहून अधिक रुंदी लागते, आणि ती चारही बाजूंना प्रेक्षकांच्या प्रमाणात वाटलेली असावी लागते. आत येताना एका फिरत्या फाटकातून तासाला ६६० पेक्षा जास्त माणसे धरत नाहीत, तेव्हा तासाभरात सगळ्यांना आत घ्यायचे तर किमान ३८ फाटके हवीत. आग लागली तर आठ मिनिटेही फार होतात, ते गणित वेगळे मागा.

हे आकडे माणसे गमावून मिळालेले आहेत. ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियममध्ये २ जानेवारी १९७१ रोजी सामना संपताना एका जिन्यावर ६६ जण चेंगरून मेले. ब्रॅडफर्डमध्ये ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडखाली साचलेल्या कचऱ्याने पेट घेतला आणि ५६ जण दगावले. मागच्या बाजूला धावलेल्यांना दारे बंद आढळली, तर पुढे उड्या टाकणारे बरेच जण वाचले, कारण त्या स्टँडपुढे कुंपण नव्हते. चारच वर्षांनी शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये कुंपण होते, आणि तिथे गर्दीत चिरडून जे बळी गेले त्यांची संख्या आता ९७ धरली जाते. स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये काय आहे आणि ते आतून कोण, कसे उघडणार, हे दोन्ही आराखड्यांत तपासा.

आराखडा_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. छेद मागवले आणि आजच आले. पहिल्या आराखड्यात गोलमागच्या स्टँडची पायरी १६ सेंटिमीटर आहे. मी स्वतः गणित करून पाहिले आणि सी-मूल्य तेवढे छान का आले ते लक्षात आले. जिन्यांची एकूण रुंदी ३६ मीटर निघते. उन्हाचा नकाशा दोघांकडेही नव्हता. दुसऱ्यांनी आठवड्याभरात देतो असे सांगितले, पहिल्यांनी तो कशासाठी हवा असे विचारले.

आता समितीत दुसऱ्या आराखड्याची बाजू मांडता येईल असे वाटते, परंतु एक अडचण आहे. दोन स्टँडवर आत्ता छत आणि दोनवर नंतर, ही विभागणी बांधकामाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे का? टप्पे पाडले की खर्च वाढतो, असे आमचे अध्यक्ष म्हणतात.

उत्तर: सळई_काँक्रीट

अध्यक्षांचे म्हणणे बरोबर आहे, पण तो खर्च कुठे करायचा हे आपल्या हातात असते. छताचा पाया, त्याचे बोल्ट आणि मागच्या खांबांची ताकद ही आजच भरून ठेवावी लागते. जमिनीच्या वरचे लोखंड नंतर आणले तरी चालते. पुढे झुकलेल्या, खांब नसलेल्या छताबाबत लोकांना वाटते की ते खाली पडण्याची भीती असते. वस्तुतः ते हलके असल्याने वारा त्याला खालून वर उचलतो, आणि मागचे खांब जमिनीतून उपटले जाणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते. खुर्च्यांखालचा पाया दाब सोसण्यासाठी केलेला असेल आणि नंतर त्यातच छताचा ताण बांधला, तर पुढच्या टप्प्यात चालू स्टेडियमची फरशी फोडून नवे पाईल (जमिनीत खोलवर जाणारे पायाचे खांब) घालावे लागतात. एका कामावर मी हे केले आहे. तीन मीटर उंचीच्या स्लॅबखाली पाईलचे यंत्र शिरत नव्हते, शेवटी हाताने खोदाई करावी लागली.

चारही बाजूंनी एकदम छत करायचे असेल तर सायकलच्या चाकासारखी रचना उत्तम: बाहेर दाब सोसणारे कडे, आत ताण सोसणारे कडे आणि मध्ये आऱ्यांसारख्या तारा. श्टुटगार्टच्या स्टेडियमवर १९९३ मध्ये ती वापरली गेली आणि पुढे अनेकांनी उचलली. पण चाक अर्धे बनत नाही. तेव्हा दोन बाजूंचे छत आज आणि दोन बाजूंचे नंतर, हे ठरवले की आपण ती रचना कायमची सोडून देतो आणि प्रत्येक स्टँडचे छत स्वतःच्या पायावर उभे राहते. आपल्या आकाराला ते चालेल.

सर्वांत धोक्याचा काळ छत पुरे होण्याआधीचा असतो. नेदरलँड्समधील एन्स्खेडे येथे ७ जुलै २०११ रोजी स्टेडियमच्या विस्ताराचे काम चालू असताना छताचा भाग कोसळून दोघे ठार झाले. रचना स्थिर ठेवणारे भाग पुरते बसवलेले नसताना तिच्यावर भार आला होता. २७ नोव्हेंबर २०१३ रोजी साओ पाउलोत एका नव्या स्टेडियमच्या छताचा सुमारे ४२० टनांचा शेवटचा तुकडा उचलताना क्रेन कोसळली आणि तिथेही दोघे गेले. म्हणून निविदेतच अट घाला की उभारणीच्या प्रत्येक टप्प्यावर अर्धवट रचना स्वतः उभी राहते हे कंत्राटदाराने गणिताने दाखवावे आणि ते तिसऱ्या अभियंत्याने तपासावे. वेळ कमी पडू लागली की सर्वांत आधी तात्पुरते आधार लवकर काढण्याचा आग्रह होतो, हे ध्यानात असू द्या.

हिरवळ_राखण यांनी सांगितलेल्या मोकळ्या कोपऱ्यांचा मला वेगळा उपयोग दिसतो. बांधकाम चालू असताना मैदानाची जागा हेच आमचे अंगण असते. तिथे क्रेन उभ्या राहतात, पायऱ्यांच्या प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेल्या) फळ्या रचल्या जातात आणि दोन वर्षांत ती माती दगडासारखी घट्ट होते. ती उकरून निचऱ्याच्या नळ्या, खडी आणि ३० सेंटिमीटर वाळू घालण्यासाठी वेळापत्रकात स्वतंत्र महिने ठेवलेले आहेत का, हे पाहा, बहुधा नसतात. आणि आराखडाकाराला विचारा की छताचा शेवटचा तुकडा चढवून झाल्यावर सर्वांत मोठी क्रेन कोणत्या कोपऱ्यातून बाहेर पडणार आहे. त्या कोपऱ्याची रुंदी नकाशावर लिहिलेली असली पाहिजे.